खणाच्या गाडीतला अंधार

हिरूनाना गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा मुलगा मोरेश्वर आला तो सायकलवरून. एडवणहून निघून, मध्ये पालघरला एक चहा घेऊन, बोईसरपर्यंतची सबंध वाट त्याने पायडल मारत काढली होती. दवाखान्याच्या भिंतीला सायकल टेकवून तो म्हणाला, "बाय, नाना गेले." मी आधी त्याच्या छातीकडे बघितलं. श्वास किती चढलाय, खांदे वर उचलले जातात का, बोलताना वाक्य तुटतं का... हे बघायची मला सवयच आहे. काही नव्हतं. घाम होता, पण तो उन्हाचा. एवढं बघून झाल्यावर तो काय म्हणाला ते माझ्यापर्यंत पोचलं. त्याला बसवलं, पाणी दिलं. काल सकाळी नाना अंगणातली एक फळी उन्हात फिरवून ठेवायला उठले, परत येऊन ओट्यावर टेकले आणि टेकलेलेच राहिले, असं त्याने सांगितलं. वय झालं होतं, तक्रारीला जागा नव्हती. उठताना तो म्हणाला, "नाना परवाच बोललेले, बोईसरला गेलास तर बायला नळीची आठवण दे. कुंभारणीनं घर केलं असंल." ही कुंभारीण म्हणजे भिंतीला मातीचं घर करते ती माशी. आणि नळी कुठली, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. मी सहजी थक्क होणाऱ्यातली बाई नाही. वीस वर्षं नर्सचं काम केलेल्या माणसाला थक्क व्हायला फुरसत नसते. तरी आयुष्यात दोनदा माझे हातपाय जागच्या जागी राहिले, आणि त्या दोन्ही वेळा हिरूनाना माझ्यापासून हातभर अंतरावर होते.

मी मूळची कराडकडची. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं त्या सुरुवातीच्या वर्षांत एका ठेकेदाराच्या कामगार छावणीत मी नर्स म्हणून आले. छावणी बोईसरच्या बाजूला होती. माणसं कुठकुठून आलेली. घाटावरची, विदर्भातली, उत्तरेकडची, आणि जवळच्या गावांतली. एवढ्या माणसांना दवाखाना म्हणून आमच्या वाट्याला आली एक गाडी. कुणा परदेशी इंजिनियराने बोटीतून आणलेलं ते चाकांवरचं घर. त्याचं कुटुंब पक्क्या बंगल्यात राहायला गेलं आणि गाडी ठेकेदाराकडे आली. बाहेरून बघितलं तर लांबट पत्र्याचा डबा. पण तिच्या एका कुशीला हँडल होतं. ते फिरवलं की कपाटाचा खण ओढावा तशी एक अख्खी खोली भिंतीतून बाहेर सरकायची. तिची जमीन गाडीच्या जमिनीपेक्षा उंच, साधारण कमरेपर्यंत, म्हणजे आत एक रुंद ओटाच तयार व्हायचा. कामगारांनी पहिल्याच दिवशी तिला नाव दिलं, खणाची गाडी.

ठेकेदाराच्या अटीप्रमाणे कामावर घेण्याआधी, क्षय तर नाही ना हे बघायला, प्रत्येकाच्या छातीचा फोटो काढायचा होता. यंत्र मोठ्या भागात बसलं. फिल्म भरायला आणि धुवायला अंधारखोली हवी होती, ती या खणात करायची ठरली. पण खण नीट बसत नव्हता. गाडी कित्येक महिने खाऱ्या वाऱ्यात उभी होती, कडेच्या रबराच्या पट्ट्या सुक्या बोंबलासारख्या कडक झाल्या होत्या, आणि खण आत-बाहेर करताना एका बाजूने घासून दुसऱ्या बाजूने फट सोडायचा. मुंबईहून एक मेकॅनिक येऊन बघून गेला. असली गाडी आपण पाहिलेली नाही असं प्रामाणिकपणे सांगून तो चहा पिऊन परत गेला. मग कुणीतरी म्हणालं, एडवणला होड्यांचे एक सुतार आहेत, फळीला फळी त्यांच्यासारखी कुणी बसवत नाही. त्यांना बोलवा.

हिरूनाना आले ते एका फडक्यात हत्यारं बांधून. साठी उलटलेली, अंगाने वाळके, डोक्याला रुमाल. आले आणि कुणाशी न बोलता त्यांनी आधी परात मागितली. मला वाटलं हात धुवायचे असतील. त्यांनी परात गाडीच्या जमिनीवर ठेवली, पाणी भरलं आणि कडेपासून पाणी कुठे किती खाली आहे ते बोटाने मोजलं. गाडीच एका बाजूला कललेली होती. सबंध सकाळ त्यांनी चाकांखाली पाचरी मारण्यात घालवली आणि दर पाचरीनंतर आत येऊन परातीत डोकावले. मग दोरी. खणाच्या चौकटीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन दोऱ्या सारख्या भरल्या तर चौकट खरी. आमची दोन बोटं खोटी निघाली. ती खरी करायला त्यांना तीन दिवस लागले. रबर लॉरीच्या जुन्या ट्यूबचं कापून घेतलं. ते बसवल्यावर कडेला ओला चुना फासून खण आत घेतला, पुन्हा बाहेर काढला आणि समोरच्या पत्र्यावर चुना कुठे उमटला नाही ते बघत बसले. जिथे उमटला नाही तिथे रबर टेकत नव्हतं. तिथे आतून पातळ पट्टी, पुन्हा चुना, पुन्हा हँडल. मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या. दर वितीला एक पट्टी फटीत धरून खण दाबून घ्यायचा आणि ओढायची. "फाटला पायजे," ते म्हणाले, "निसटला तर तिथून वारा पण निसटेल." शेवटी गाल ओला करून ते सगळ्या सांध्याला लावत फिरले. वाऱ्याची बारीक धार ओल्या गालाला कळते, हाताला कळत नाही. हे मी पुढे सिरिंजच्या काचेला गेलेला तडा शोधताना वापरलं आहे.

पाण्याच्या परीक्षेला छतावर दोन माणसं चढवून घागरी ओतल्या आणि नाना आत उघड्या अंगाने बसले, थेंब पडला तर अंगाला कळावा म्हणून. एकही पडला नाही. मी म्हटलं, "झालं तर मग." ते म्हणाले, "उद्या बघू." हे त्यांचं ठरलेलं होतं. लाकूड, रबर, पत्रा रात्रभराच्या गारव्यात काय करतात ते सकाळी कळतं, म्हणून संध्याकाळी कुठलंही काम झालं असं त्यांनी कधी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, पुन्हा चुना, पुन्हा कागद. मग जाता जाता त्यांनी आपणहून एक गोष्ट केली. रबर चुकवून एखादा थेंब आत आलाच तर तो जमावा म्हणून आतल्या बाजूने पत्र्याची बारीक पन्हळ होती, तिच्या टोकाला त्यांनी सामत्याने एक छोटं भोक पाडलं. सरळ बाहेर जाणारं. मी विचारलं, एवढं बंद केल्यावर आता भोक कशाला? "पाणी आत येऊ द्यायचा नाय हे कोणी पण सांगेल. आलेला जायला वाट लागते, बाय. होडीत पण लागते." मला ते पटलं. डॉक्टरांना पटलं, सुपरवायझरला पटलं. एक्स-रे काढणारे रेगे होते, त्यांनाही पटलं. खिडकीला काळा पुठ्ठा ठोकून रेग्यांनी दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं.

पहिल्या आठवड्यातच नानांचा मुलगा मोरेश्वर फोटो काढायला रांगेत उभा राहिला. बाविशीचा. समुद्रावर जायला नको, बापाच्या रंध्याखाली पण नको, वीज केंद्राच्या कामावर जायचं, असं त्याने ठरवलं होतं. मंगळवारी मुंबईचे डॉक्टर येऊन फिल्म बघायचे. मोरेश्वर पास झाला, सळया बांधणाऱ्या टोळीत लागला. त्याच्या आईने, गोदाकाकूंनी, आळीत गूळखोबरं वाटलं, त्यातलं एका पुडीत माझ्यासाठीही आलं.

तीन आठवड्यांनी मी फिल्म पाकिटांत घालत होते. ते काम माझं नव्हतं, पण कारकून रजेवर होता. एकेक उजेडाला धरून नाव जुळवताना मला दिसलं की बऱ्याच फिल्मवर वरच्या एका कोपऱ्यात काजळी आहे. काळसर ढग, उजव्या खांद्याखाली. मी वीसेक फिल्म खिडकीच्या काचेला लावल्या. सकाळी काढलेल्या प्रत्येकीवर तो ढग, त्याच जागी. दुपारनंतरच्या स्वच्छ. वीस माणसांच्या छातीत एकाच जागी एकच गोष्ट असत नाही. रेग्यांना दाखवलं तर ते चिडले. उष्मा आहे, औषध जुनं आहे, त्यांनी दोन-तीन कारणं सांगितली. माझ्या मते कारण खोलीत होतं. आणि खोली ओळखणारा माणूस एकच होता. मी एडवणला निरोप पाठवला.

नाना आले. त्यांना फिल्म दाखवली. त्यांनी आधी ढगाकडे बघितलं नाही, फिल्म ओट्यावर कुठे ठेवून भरता ते विचारलं. मग म्हणाले, लाल दिवा बंद करा, दार लावा, मला आत बसायचंय. आणि मला म्हणाले, "बाय, तू पण बस. माझे डोळे जुने हायत." दार लावून एका पुरुषाबरोबर अंधारात बसायचं म्हटल्यावर आमची लक्ष्मी आया दाराबाहेर स्टूल टाकून बसली आणि रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बसा बसा, मी हाय हितं, दोगांच्या पण अब्रूला." आतून नाना हसलेले मला ऐकू आले.

दिवसा दहाचा सुमार. पहिली पाचसात मिनिटं डोळ्यांसमोर नुसतं काळं. मला कामं होती, मी मनात यादी करत होते. मग काळं पातळ झालं... समोरच्या लाकडी भिंतीवर काहीतरी हललं. मी आधी डोळे चोळले. भिंतीवर, वीत-दीड वितीएवढी, माणसं चालत होती. पाय वर, डोकी खाली. बाहेरची रांग होती ती, उलटी टांगलेली. डोक्यावर घमेलं घेतलेली एक बाई पाय वर करून, एक थेंब न सांडता, भिंतीवरून सरकत गेली. तिच्या लुगड्याचा हिरवा रंगसुद्धा होता, फिका, पण होता. एक ताड छतातून खाली उगवला होता. एक लॉरी आली आणि उलट्या दिशेने निघून गेली. आणि ओट्याच्या कडेवर, जिथे रेगे फिल्म भरायचे नेमक्या तिथे, आभाळाचा एक निळसर तुकडा सांडला होता. कुठूनही आवाज नाही. सगळं जग आमच्या खोलीत आलं होतं, फक्त डोक्यावर उभं राहून. मी श्वास धरून बसले होते हे मला नंतर कळलं. माझ्या शेजारून, अगदी हळू, नानांनी विचारलं, "बाय, तुला दिसतं का मलाच?"

"दिसतं," मी म्हटलं.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी अंधारात हात लांब केला. भिंतीवरची रांग, ताड, आभाळ, सगळं एकदम विझलं. त्यांनी बोट उचललं, सगळं परत आलं. पुन्हा बोट ठेवलं. "माझं भोक," ते म्हणाले.

मी शाळेत कधीतरी शिकले होते की बारीक छिद्रातून अंधारात असं उलटं चित्र पडतं. शिकणं वेगळं आणि त्या चित्राच्या आत बसणं वेगळं. पण मला अधिक आठवतं ते पुढचं. दार उघडून ते बाहेर आले, उन्हात डोळे मिचकावत उभे राहिले आणि रेगे, सुपरवायझर, लक्ष्मी, रांगेतली माणसं, सगळ्यांसमोर म्हणाले की चूक फिल्मची नाही, औषधाची नाही, माझ्या हाताची आहे. मी पाण्याचा माणूस, मी पाण्याची वाट बघितली, उजेडाची बघितली नाही. खरं तर आम्ही कुणीच त्यांना उजेडाचं सांगितलं नव्हतं. तसं मी म्हणायला गेले तर त्यांनी मला हातानेच थांबवलं.

भोक बुजवायचं तर पन्हळीत पाणी साठून खालचं लाकूड कुजणार. त्यावर त्यांनी जे केलं ते इतकं साधं होतं की मला आजही हसू येतं. मोडक्या स्टोव्हची पितळी नळी घेतली, तापवून दोन ठिकाणी काटकोनात वाकवली, आतून काजळ फिरवलं आणि भोकात बसवून टाकली. "पाणी वळतं, बाय. उजेड वळत नाय." वरून लोटाभर पाणी ओतलं, ते बाहेर ठिबकलं. दार लावून आम्ही पुन्हा बसलो. काही नाही. "झालं?" मी विचारलं. "उद्या बघू."

मंगळवारी डॉक्टर आले. आता प्रश्न होता तीन आठवड्यांच्या फिल्मचा. सुपरवायझरचं म्हणणं असं की जे कामावर लागलेत त्यांना पुन्हा उतरवून रांगेत उभं केलं तर टोळ्या बंद पडतील, पास झालेत त्यांना राहू द्या, पुढच्यांचे नीट काढा. डॉक्टरही त्याच मताला येत होते. ढग पुसट आहे, त्यातून बरंचसं दिसतं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बरंचसं म्हणजे किती? नाना दाराशी उभे होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, भोक ज्या दिवशी पाडलं त्या दिवसापासूनचे सगळे पुन्हा काढा. सुपरवायझर हसला, म्हणाला, आता सुताराने डॉक्टरकी शिकवायची राहिली. डॉक्टरांनी मात्र चष्मा काढला. "नाना, त्यात तुमचा मोरेश्वरही येतो."

"येतो ना. त्याला पयला घ्या."

मोरेश्वरला सळयांवरून बोलावून आणलं. तो वैतागलेला होता, मित्रांसमोर बापाने उतरवलं म्हणून. फोटो निघाला. नाना बाहेर झाडाखाली हत्यारं पुसत बसले. मी रेग्यांच्या मागे उभी होते. त्यांनी ओली फिल्म काढून दिव्याला धरली, तिच्यावरून पाणी ठिबकत होतं. ढग नव्हता. अगदी स्वच्छ, फासळी न् फासळी मोजून घ्यावी अशी. आणि उजव्या खांद्याखाली, जिथे आधी काजळी होती नेमक्या त्या जागी, कापूस विस्कटावा तसा पांढरा डाग होता.

मी जुनी फिल्म पाकिटातून काढली, नवी चिमट्यासकट घेतली आणि बाहेर गेले. हे सांगणं माझं काम होतं. मी दोन्ही आभाळाला धरल्या. फिल्मवर हवा काळी दिसते, हाडं पांढरी, आणि इथे फुफ्फुसात पांढरं दिसणं वाईट, एवढं समजावलं. त्यांनी रुमालाने हात पुसले, मग फिल्मच्या कडेला धरलं, होडीची फळी बघावी तसं तिरकं करून बघितलं.

"हे पयल्यापासून होतं?"

"होतं. काजळीखाली होतं."

"माझ्या भोकानं झाकलेलं." त्यांनी फिल्म माझ्याकडे परत दिली. मग म्हणाले, "भोक तसंच राहिलं असतं तर?"

मी जसं कुणालाही सांगितलं असतं तसंच सांगितलं. "पावसाळ्यापर्यंत खोकताना रक्त पडलं असतं. मग सगळ्यांनाच कळलं असतं." त्यांनी मान हलवली. हत्यारं फडक्यात ठेवली, गाठ मारली, सोडली, पुन्हा नीट मारली. मग वर बघून विचारलं, सुई कुठे द्यायची, किती दिवस, आणि खायला काय लागेल. दुसरं काही नाही. मी तिथेच उभी राहिले, ओली फिल्म हातात, पाणी कोपरापर्यंत येईतो. हातपाय जागच्या जागी राहिले ती ही दुसरी वेळ.

त्या फेरतपासणीत आणखी दोघे सापडले, एक जवळच्या पाम गावचा आणि एक बिहारकडचा. बिहारकडचा माणूस शांतपणे मला म्हणाला, "सिस्टर, पहले तो आपने ही पास किया था." दोघांवर उपचार झाले, दोघे बरे होऊन गेले, पण ते वाक्य इथेच राहिलं.

मोरेश्वरचं काम सुटलं. गावात बोलायला विषय झाला की बापानेच पोराच्या पोटावर पाय दिला. गोदाकाकू माझ्याशी बोलेनाशा झाल्या. लक्ष्मीकरवी मला त्यांचं म्हणणं पोचायचं, "आमच्या म्हाताऱ्यानं आणि त्या नर्सबायनं मिळून पोराला आजारी पाडला." रोजच्या सुईसाठी मोरेश्वरला एडवणहून नेआण करणं शक्य नव्हतं. नानांनी छावणीच्या कडेला, वारा लागेल अशा जागी, चार दिवसांत एक खोपी उभी केली आणि बापलेक तिथे राहिले. सुरुवातीचे महिने मोरेश्वर बापाशी बोलत नव्हता. नाना पेज करायचे, अंडं उकडायचे, त्याने खाल्लं का ते बघायचे आणि बाहेर येऊन छावणीची दारं-खिडक्या दुरुस्त करत बसायचे. सकाळी मी सुई द्यायला गेले की दारात उभे राहून विचारायचे, "कसा हाय?" मी म्हणायचे, बरा आहे. "उद्या बघू," ते म्हणायचे. एवढंच रोजचं बोलणं. त्यांना कंटाळा आलेला मी बघितला नाही. मला येत असे.

वर्ष उलटत आल्यावर, मोरेश्वरचं वजन वाढायला लागल्यावर, एकदा त्यांनी न विचारता सांगितलं. आम्ही खोपीबाहेर बसलो होतो. पोराचा खोकला ते आधीपासून ऐकत होते. गोदाकाकू अडुळशाचा काढा द्यायच्या. फिल्म पास झाली तेव्हा त्यांना एवढं हायसं वाटलं की त्यांनी खोकला ऐकायचं सोडून दिलं. "मग त्या दिवशी भिंतीवर माणसं उलटी बघितली... आणि मला खोकला परत ऐकू आला, बाय. तिथंच, अंधारात."

म्हणजे माझ्या शेजारी तो माणूस बराच वेळ गप्प बसला होता, तो केवळ चित्र बघत नव्हता. भोकावर बोट ठेवलं की जग विझत होतं, उचललं की येत होतं. बोट तसंच ठेवून, कुणाला न सांगता, नंतर गुपचूप खुंटी मारून टाकणं त्यांना सहज जमलं असतं. फळीला फळी अशी बसवणारा माणूस. कुणाला पत्ता लागला नसता. मलासुद्धा.

दीड वर्षाने मोरेश्वरची फिल्म स्वच्छ आली. उरली होती फक्त एक बारीक पांढरी रेघ, भरलेल्या जखमेची. नानांनी ती बघून पहिल्यांदाच मला विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "उद्या बघू." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर आठवड्याने गोदाकाकू स्वतः आल्या. सुक्या बोंबलांची जुडी माझ्या टेबलावर ठेवली, रोगी तपासायच्या टेबलावरच, आणि म्हणाल्या, "वास येल. येऊ दे." मी येऊ दिला.

मोरेश्वर परत कामावर लागला नाही. तो आता वाणगावला लाकडाच्या वखारीत आहे, लाकूड पारखतो. बापाच्या रंध्याखाली जायचं नव्हतं, पण हात कुठून आला ते दिसतं. नाना वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, बोईसरला यायचे आणि खणाची गाडी तपासून जायचे. मागल्या वर्षी त्यांना प्रवास झेपला नाही, म्हणून मी एडवणला गेले, ती आमची शेवटची भेट. ओट्यावर बसवून त्यांनी मला सगळं तोंडपाठ म्हणायला लावलं, शाळेतल्या मुलीला लावावं तसं. आधी परात. मग कागद. मग नळीत झावळीचा हीर घालून कुंभारणीची माती काढायची. मग लोटाभर पाणी. आणि मग दार लावून पाव तास बसायचं. "पाच मिनटांत उठू नको. तुला कामं असतात. डोळ्यांना येळ दे."

गाडी आता वापरात नाही. पक्का दवाखाना झाला, एक्स-रेला स्वतंत्र खोली झाली, आणि गाडी मागच्या आवारात जुन्या खाटा ठेवायला पडून आहे. तिच्या अंधारावर आता कुणाचंच काही अवलंबून नाही. तरी मोरेश्वर सायकलवर बसून दिसेनासा झाल्यावर मी लक्ष्मीकडून परात मागून घेतली. पाणी एका बोटाने कललं होतं, दोन पाचरी मारल्या. कागद फाटला, सगळीकडे फाटला. नळीत खरोखरच कुंभारणीचं घर होतं. हीर घालून माती काढली, पाणी ओतलं, बाहेर जाऊन बघितलं. थेंब थेंब पडत होतं. मग आत जाऊन खाटा बाजूला सारल्या, दार लावलं आणि ओट्यावर बसले. सकाळचे दहा वाजून गेले होते. लक्ष्मीने बाहेर स्टूल टाकलं नाही, नुसती उभी राहिली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी उठले नाही. भिंत दिसली नाही. डोळ्यांसमोर धरलेला माझा हात दिसला नाही. बाहेर कडक ऊन होतं, माणसं येत-जात होती, ताड होता, आभाळ होतं. त्यातलं तसूभरही आत आलं नाही.